चाळीस खोल्या की चोवीस? सोलापुरात हॉटेल बांधण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुणे नाक्याच्या पुढे घरची १४ गुंठे जागा आहे. तिथला वडिलांचा टॉवेलचा कारखाना चार वर्षांपासून बंद आहे, लूम भंगारात गेले, शेड तेवढी उभी आहे. त्या जागेवर ४० खोल्यांचं हॉटेल काढायचं ठरतंय. तुळजापूर-अक्कलकोटची गर्दी वाढतेच आहे, तेव्हा चालणारच, असं घरात सगळ्यांचं मत. एका कन्सल्टंटने प्रकल्प खर्चाच्या ३ टक्के फी सांगितली आहे. तो त्या पैशांत नक्की करतो काय, आणि धाकट्या भावाचं हॉटेल मॅनेजमेंट झालेलं असताना बाहेरचा माणूस हवाच कशाला?

मी या धंद्यात २२ वर्षं आहे. सुरुवात पुण्यात हाउसकीपिंगला, चादरी मोजण्यापासून झाली. आता सोलापूर, धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर या पट्ट्यात लॉज आणि हॉटेलवाल्यांना सल्ला देते. तरी सांगते, टक्केवारीवर कुणालाही घेऊ नका. मलाही नका घेऊ.

हिशोब बघा. जमीन सोडून खोलीमागे १८ लाख धरले तर ४० खोल्यांचे ७ कोटी २० लाख होतात. त्याचे ३ टक्के म्हणजे २१ लाख ६० हजार. आता याच माणसाने तुम्हाला सांगायचं की बाबांनो, इथे २४ खोल्याच बांधा. असं बोलला की त्याची स्वतःची फी १३ लाखांवर येते. माणूस कितीही सरळ असला तरी असं वाक्य तोंडातून निघायला जड जातं. आणि आपल्याकडे सल्लागाराचं पहिलं काम बहुतेक वेळा खोल्या कमी करणं हेच असतं. निदान माझं तरी राहिलंय.

गर्दीचं आधी बोलू, कारण सगळी गोची तिथेच आहे. तुळजापूर सोलापूरपासून ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४० च्या आत-बाहेर, पंढरपूर सत्तरच्या पुढे, गाणगापूर त्याहून लांब. माणसं येतात ती या गावांना. सोलापूर त्यांच्या वाटेवर आहे, एवढंच. नवरात्रात, कोजागिरीला, गुरुपौर्णिमेला, चैत्रात स्वामींच्या प्रकटदिनाला आणि पुण्यतिथीला, दिवाळीच्या सुट्टीत, नाताळच्या आठवड्यात तुम्ही ४० काय ८० खोल्या बांधल्यात तरी भरतील. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते तेव्हा गावातलेच पाहुणे-रावळे इतके असतात की लॉजलाही त्यातला वाटा मिळतो. कोजागिरीला तर सोलापुरातून तुळजापूरला हजारो लोक चालत जातात. ते खोली घेत नाहीत, पण त्यांच्यामुळे रस्त्यावर जी वर्दळ दिसते ती बघून दरवर्षी दोन-तीन जण तरी हॉटेल काढायचं मनावर घेतात. माझा फोन नोव्हेंबरात जास्त वाजतो, त्याचं कारण हेच.

हे सगळे दिवस मोजून बघा, शनिवार-रविवार आणि गुरुवार धरूनसुद्धा वर्ष भरत नाही. उरलेल्या रात्रींना कोण झोपणार? माझा नेहमीचा प्रश्न असतो: पितृपक्षातल्या मंगळवारी तुमच्याकडे कोण उतरेल? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याने प्लॅन मंजुरीला टाकू नये.

उत्तर मिळतं, फक्त ते हॉटेलवाल्यांना विचारून मिळत नाही. ते एकतर “फुल चालू आहे” म्हणतात, नाहीतर “मेलो ओ” म्हणतात. मी लॉन्ड्रीवाल्याकडे जाते. लॉजच्या चादरी ज्याच्याकडे धुवायला जातात त्याच्या वहीत रोजचा आकडा असतो. मंगळवारी किती, रविवारी किती, सगळं तारखेनिशी. दोन पलंगपोस आणि दोन उशांचे अभ्रे म्हणजे एक खोली गेली, असं साधारण धरायचं. दुसरं काम रात्री दहानंतरचं. स्टेशनजवळ, सात रस्त्याला, होटगी रोडला, पुणे नाक्याला लॉजच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर लिहायचे. केए म्हणजे कर्नाटकचे किती, टीएस-टीजी म्हणजे तेलंगणाचे किती, एमएच बारा-चौदा म्हणजे पुणे-पिंपरीचे किती. हे निदान १४ रात्री करायचं आणि त्यातल्या निम्म्या रात्री मरगळलेल्या दिवसातल्या घ्यायच्या. कंटाळवाणं काम आहे. पोरं पाठवली तर ती चहाच्या टपरीवर बसून आकडे रचतात, हा अनुभव आहे, म्हणून मी अजूनही स्वतः जाते.

या मोजणीतून दरवेळी थोडंफार एकच चित्र येतं. मंगळवारचं गिऱ्हाईक भाविक नसतं. ते दवाखान्यातल्या पेशंटचे नातेवाईक असतं. विजयपूर, कलबुर्गी, धाराशिव, लातूर इकडून माणसं ऑपरेशनला सोलापूरला येतात आणि सोबतच्यांना पाच-सहा दिवस खोली लागते. त्यांना स्वस्त आणि स्वच्छ खोली हवी असते, इस्त्री केलेला पडदा नको असतो. मग टॉवेल-चादरीचे आणि युनिफॉर्मचे व्यापारी, औषध कंपन्यांचे एमआर, गाळप हंगामात साखर कारखान्यांवर येणारे इंजिनिअर, एनटीपीसीच्या १३२० मेगावॉटच्या वीज प्रकल्पात दुरुस्तीची कामं निघाली की येणारे कंत्राटदारांचे लोक. या प्रत्येकाचा दर वेगळा आणि मुक्कामाची लांबी वेगळी. तुमची जागा पुणे नाक्याच्या पुढे आहे. दवाखान्यांचं गिऱ्हाईक तिथवर रिक्षाने येणार नाही, हे आजच लिहून ठेवा. व्यापारी येईल, गाडीवाला भाविक येईल.

भाविकांबद्दलही एक गोष्ट घरच्यांच्या कानावर घाला. रस्ते चांगले झाले की गर्दी वाढते आणि मुक्काम कमी होतो. पुण्याहून पहाटे निघालेलं कुटुंब आता अक्कलकोट, तुळजापूर करून रात्री परत घरी पोचू शकतं. तुळजापूरला रेल्वेही जोडली जातेय. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, तिचं माणूस रात्री उशिरा उतरतं. उपाशी असतं आणि आपल्याकडचं किचन तोवर बंद झालेलं असतं. अशा गिऱ्हाइकाला रात्री अकराला गरम पिठलं-भाकरी देणारा लॉज स्टेशनजवळ असेल तर तो चालेल, पण ते पुणे नाक्याला नाही.

आता पैशांचं. धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. एका खोलीवर जेवढा खर्च केला त्याच्या हजाराव्या भागाएवढा दर एका रात्रीला मिळाला पाहिजे. १८ लाखांच्या खोलीला १८०० रुपये. सोलापुरात नीटनेटक्या एसी खोलीला हा दर मिळू शकतो, म्हणून तोच धरू. ४० खोल्यांच्या वर्षाला १४,६०० रात्री होतात. त्यातल्या ५५ टक्के विकल्या गेल्या असं समजा, म्हणजे ८,०३० रात्री आणि १ कोटी ४४ लाखांचा धंदा. पगार, वीज, धुलाई, कमिशन, डागडुजी जाऊन ४० टक्के हातात राहिले तर ५८ लाख. तुमचे घरचे २ कोटी १६ लाख घातले आणि बाकी ५ कोटी ४ लाख कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढलं, तर हप्ता महिन्याला ६ लाख ८० हजारांच्या आसपास, वर्षाला साडेएक्याऐंशी लाख. ५८ मधून साडेएक्याऐंशी कसे भरणार?

तेच २४ खोल्यांचं बघा. छोट्या इमारतीत खोलीमागे खर्च थोडा वाढतो, १९ लाख धरा. ४ कोटी ५६ लाख. घरचे पैसे तेवढेच घातले तर कर्ज २ कोटी ४० लाख, वर्षाचे हप्ते ३९ लाख. साध्या दिवसांचं गिऱ्हाईक तेवढंच राहतं, फक्त गर्दीच्या रात्रींचं वरचं जातं, म्हणून भरण्याचं प्रमाण ५५ वरून ६८ टक्क्यांवर चढतं. ५,९५७ रात्री, १ कोटी ७ लाख, हातात ४३ लाख. हप्ते जाऊन चार लाख उरतात. हेही काठावर पासच आहे, पण पास आहे. पाया आणि कॉलम वरच्या दोन मजल्यांच्या भाराचे आजच टाकून ठेवा. पाच वर्षांनी चादरींची वहीच सांगेल वर चढायचं की नाही. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमची मोजणी झाली की बदलतील. पण कन्सल्टंटच्या रिपोर्टमध्ये पहिल्या वर्षापासून ७५ टक्के दिसले तर तो रिपोर्ट बँकेसाठी लिहिलाय, तुमच्यासाठी नाही, असं समजा. एकदा माझ्याकडे एका मालकाने असाच जाड रिपोर्ट आणला होता. पान ३१ वर “समुद्रकिनाऱ्यावरील पर्यटकांचा वाढता ओघ” असं होतं. आपल्याकडे समुद्र म्हणजे सिद्धेश्वर तलाव!

जीएसटीचा एक बारकावा यात बसवून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर १२ ऐवजी ५ टक्के कर झाला. गिऱ्हाइकाला १८०० ची खोली १८९० ला पडते, ते चांगलंच. पण या ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. बांधकामावरचं तर आधीही मिळत नव्हतं. आता एसी, गाद्या, फर्निचर, लिफ्ट यांवर भरलेला करही परत वळता होत नाही, तो खर्चातच मिळवायचा. कोटेशन “टॅक्स एक्स्ट्रा” असं आलं की अनेकजण कराशिवायचा आकडा धरून बसतात आणि शेवटी तीस-चाळीस लाखांची खोट येते. सीएला हे डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, होण्याआधी दाखवा, नंतर नको.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, कारण ती तुमच्या उपयोगाची आहे. २००९ साली मी स्वतंत्रपणे केलेलं पहिलं मोठं काम अक्कलकोटच्या दिशेला होतं, ३६ खोल्या. मी पुण्याचं पुस्तकी डोकं घेऊन आले होते. प्रत्येक खोली १२ बाय १४, मधोमध भला मोठा डबल बेड, दोन्ही बाजूला छोटी टेबलं, बाथरूममध्ये १५ लिटरचा गिझर. मालक, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, खूश होते. उद्घाटनानंतरच्या पहिल्याच पौर्णिमेला कलबुर्गीकडचे लोक तीन क्रूझर भरून आले. एकतीस माणसं, त्यात आठ-दहा म्हाताऱ्या बायका. “चार रूम द्या, वर गाद्या टाका,” एवढंच म्हणाले. गादी टाकायला जागाच नव्हती. बेड इतका मोठा की दाराशी आणि पायाशी माणूस वाकडा होऊन चालायचा. रात्री अकराला पोरांनी बेड भिंतीला सरकवले, बाजूची टेबलं व्हरांड्यात काढून ठेवली.

खरा तमाशा पहाटे झाला. तुळजापूरला अभिषेकाला जायचं म्हणून सगळे साडेचारला उठले. बाकीच्या खोल्यांतही भाविकच. ३६ गिझर, दोन किलोवॉटचा एकेक, म्हणजे ७२ किलोवॉट एका वेळी. आमचा मंजूर भार होता ५०. मेन स्विच पडला, परत चढवला, परत पडला. तिसऱ्यांदा जो वास आला तो मला अजून आठवतो. जनरेटर लिफ्ट आणि दिव्यांपुरताच घेतला होता, तोही माझ्याच सल्ल्याने. मग किचनची भट्टी पेटवली, वरणाची दोन मोठी पातेली पाण्याने भरून चढवली आणि बायका प्लास्टिकच्या बादल्या घेऊन अंधारात किचनच्या दारात रांगेला उभ्या राहिल्या. एक आजी कानडीत काहीतरी बोलली आणि सगळ्या हसल्या. अर्थ विचारायची माझी हिंमत झाली नाही. अण्णा माझ्याशेजारी उभे होते. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, तुम्ही खोल्या मोजल्या, माणसं मोजलीच न्हाईत की ओ.”

पुढच्या दीड वर्षात तिथे जोड्या-जोड्यांच्या मधल्या भिंतीत दारं पाडली, मोठे बेड जाऊन भिंतीलगत दोन सिंगल आले, गाद्या ठेवायला प्रत्येक मजल्यावर कपाट केलं. त्या तोडफोडीची फी मी घेतली नाही.

तुमच्या २४ खोल्यांना सरासरी तीन माणसं धरली तर ७२ माणसं. माणशी २५ लिटर गरम पाणी म्हणजे १८०० लिटर, आणि ते जवळजवळ सगळं पहाटे चार ते सहात लागणार. दोन हजार लिटरची इन्सुलेटेड टाकी आणि हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप घ्या. मध्यरात्रीपासून संथ चालतो, एका युनिट विजेत साधारण तीन युनिटची उष्णता देतो. सोलर जोडा, ऊन आपल्याकडे फुकटात मिळणारी एकमेव गोष्ट आहे. पण पावसाळ्यात नुसत्या सोलरवर राहू नका. पाण्याचं तर तुम्ही सोलापूरचेच, मी काय सांगणार. नळ रोज येत नाही. हॉटेलला माणशी १८० लिटर हे मानक आहे, म्हणजे दिवसाला १३ हजार लिटर. चार दिवसांचा साठा धरला तर ५२ हजारांची जमिनीखालची टाकी आधी खोदा, बाकीचं नंतर. बोअरचं पाणी जड आहे, सॉफ्टनर न लावता वापरलं तर हीट पंपात क्षार बसतात आणि टॉवेल पंधरा-वीस धुण्यांत पापडासारखा होतो. गिऱ्हाईक टॉवेलला नाव ठेवतं. टॉवेलच्या गावात टॉवेलला! तुमच्या वडिलांना हे ऐकून राग येईल, त्यांनाच विचारून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून ४५०-५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा, माल घ्या. सोलापुरी चादर मात्र पांघरायला ठेवू नका. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर ती धुवायची म्हटलं की पावसाळ्यात वाळतच नाही. पायथ्याशी पट्टीसारखी घाला आणि काउंटरवर विकायला ठेवा, शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या पुड्यांशेजारी. या तीन गोष्टींवर महिन्याचं वीजबिल निघणारा एक लॉज मी बघितलाय.

रेस्टॉरंट? मोठं नको. पहाटे साडेपाचपासून चहा, पोहे, उप्पीट, इडली, आणि रात्री मर्यादित शाकाहारी थाळी. गावात मटणाला माणसं कुठे जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्ही त्या शर्यतीत उतरू नका. कारखान्याच्या शेडचा विचार करा. साखरपुडा, बारसं, डोहाळजेवण असे शंभर-दीडशे पानांचे कार्यक्रम करायला तेवढा हॉल पुरतो. पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस भाजून निघतं, तेव्हा वरून इन्सुलेशन हवं, आणि दोन मोकळी दारं अग्निशमनच्या एनओसीसाठी लागतीलच.

आणि ड्रायव्हरसाठी खोली करा. सहा पलंग, एक न्हाणीघर, सकाळी चहा. क्रूझर कुठे थांबवायची हे मागे बसलेली माणसं ठरवत नाहीत. बुकिंग ॲपला पंधरा ते पंचवीस टक्के कमिशन जातं, त्यापेक्षा हे पलंग स्वस्त.

मग कन्सल्टंट घ्यायचा का? घ्या, पण तुकड्यांत. पहिला तुकडा फक्त मोजणीचा आणि व्यवहार्यतेचा, ठरावीक रकमेवर, आणि करारात साफ लिहा की “करू नका” हा निष्कर्ष निघाला तरी फी पूर्ण मिळेल. दुसरा तुकडा आर्किटेक्टसोबत बसून नकाशा तपासण्याचा: गाद्यांचं कपाट कुठे, धुण्याचे कपडे पाहुण्यांच्या जिन्याने तर उतरत नाहीत ना, किचनचा कचरा कुठून निघतो. तिसरा उघडण्याआधीच्या तीन-चार महिन्यांचा, माणसं शिकवायचा. प्रत्येक तुकड्यानंतर थांबायची मोकळीक ठेवा. एक ओळ न लाजता घाला: लिफ्ट, एसी, गाद्या, किचनची भांडी पुरवणाऱ्या कुणाकडूनही सल्लागार कमिशन घेणार नाही. ही ओळ वाचून जो खुर्चीत चुळबुळ करेल त्याला चहा पाजून वाटेला लावा. ब्रँडच्या फ्रँचायझीचं २४ खोल्यांना गणित बसत नाही, त्यात वेळ घालवू नका.

धाकट्या भावाचं राहिलं. शिक्षण झालंय हे चांगलंच आहे, पण कॉलेजात त्याला हॉटेल शिकवलंय आणि तुम्हाला चालवायचाय मुक्काम. बांधकाम होईपर्यंत त्याला दुसऱ्या कुणाच्या लॉजवर काउंटरला लावा, ओळख न सांगता, पगारावर. नवरात्र तिथेच काढू दे आणि नाइट शिफ्ट मागून घे म्हणावं.